डिजिटल प्रायव्हसी जपायला सुरुवात कुठून करू?

गूगल, व्हॉट्सअ‍ॅप सोडणं शक्य नाही, मग बाकी काही करण्यात अर्थ आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. मी गुहागरला घरालगतच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो, सगळं बुकिंग व्हॉट्सअ‍ॅपवरच. त्यामुळे सोडणं मलाही जमलेलं नाही.

माझे डोळे उघडले ते स्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात. आधारची प्रिंट हवी होती. दुकानदाराने डाउनलोडचं फोल्डर उघडलं, तर त्यात अर्ध्या गावाची आधार कार्डं! आईचंही होतं, कधीचं कोण जाणे. फाइलला पासवर्ड असतो म्हणाल, तर तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. गावात हे कोणाला ठाऊक नसतं? समोर उभं राहून आमच्या फाइली पुसायला लावल्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. माणूस भला आहे, त्याला यात काही वावगं वाटलंच नव्हतं.

त्या महिन्यात तेवढंच केलं. आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून घेतलं. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. आता बहुतेक ठिकाणी तेच देतो.

पुढच्या महिन्यात आईच्या आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठ्याने ओळख पटवायची सोय, लॉक केलं. जमिनीच्या दस्तांवरचे ठसे उचलून, रबरी अंगठे बनवून लोकांच्या आधार जोडलेल्या बँक खात्यातून पैसे काढल्याची प्रकरणं देशात झालेली आहेत, आणि कोकणात वाटणीच्या कागदावर अंगठा उठवला नाही असं घर सापडायचं नाही. फक्त एक लक्षात ठेवा, लॉक असताना रेशनच्या मशीनवरही अंगठा चालत नाही, आधी तात्पुरतं उघडावं लागतं. मी विसरलो आणि आई रिकामी पिशवी घेऊन परत आली. दोन दिवस बोलणी खाल्ली.

मग ईमेलचा पासवर्ड बदलला, व्हॉट्सअ‍ॅपला टू-स्टेपचा पिन लावला, म्हणजे दुसऱ्या फोनवर आपलं खातं उघडायला ओटीपीशिवाय हा पिनही लागतो. दहा मिनिटांचं काम, उगाच वर्षभर टाळलं होतं. संचार साथी या सरकारी साइटवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं, तेही पाहून घ्या. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा एकेका अ‍ॅपच्या परवानग्या तपासत बसलो. टॉर्चच्या अ‍ॅपला माझे कॉन्टॅक्ट कशाला हवेत?

सगळ्यात लाज वाटली ती शेवटी. झेरॉक्सवाल्याला शहाणपण शिकवणाऱ्या माझ्याच गॅलरीत तीन वर्षांच्या पाहुण्यांची आधार कार्डं होती, गणपतीच्या आराशीच्या आणि आंब्याच्या पेट्यांच्या फोटोंमध्ये मिसळलेली. वर त्यांचा बॅकअपही आपोआप होत होता. आता नोंद वहीत करतो आणि खोली रिकामी झाली की फोटो फोनमधून, बॅकअपमधून आणि चॅटमधूनही पुसतो.

तर आज रात्री फोनची गॅलरी उघडून मागे मागे जात राहा. आपली आणि दुसऱ्यांची किती कार्डं सापडतात बघा. या महिन्याला तेवढं पुरे.