सासूबाई म्हणतात, पर्स मीच चोरली

पत्र: ताई, मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर अटलांटात. नवरा आफ्रिकन-अमेरिकन. सासूबाईंना हल्ली काही आठवत नाही. पर्स स्वतःच लपवतात आणि आळ माझ्यावर. नवरा ना डॉक्टरकडे न्यायला तयार, ना वृद्धांना दिवसभर सांभाळणाऱ्या डे-केअरला. ‘आमच्या माणसांना आम्हीच सांभाळतो,’ म्हणतो. पण नोकरी सोडायची वेळ आली की सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

ताई: सूनबाई, आधी पर्सचं. सासूबाईंना डिमेन्शिया, म्हणजे स्मृती हळूहळू जाण्याचा आजार, असू शकतो. त्यात जवळच्याच माणसावर आळ येतो. ‘मी नाही घेतली’ म्हणून वाद घालू नका. ‘चला, दोघी मिळून शोधू’ म्हणा. आणि तशीच एक पर्स जास्तीची आणून ठेवा.

आता नवरा. दवाखान्याची धास्ती त्याच्या घरात उगाच आलेली नाही. अलाबामात टस्कीगीला १९३२ ते १९७२ सरकारी डॉक्टरांनी सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं निरखत ठेवलं. त्यावर पेनिसिलिनचं औषध आलं, तरी दिलं नाही. हे सासूबाईंच्या हयातीत घडलंय. तेव्हा त्याला अडाणी ठरवू नका. पण अमेरिकेतल्या वयस्क कृष्णवर्णीयांत डिमेन्शिया गोऱ्यांच्या साधारण दुप्पट आढळतो, आणि निदान मात्र बऱ्याचदा उशिरा होतं. शिवाय थायरॉइड किंवा बी-१२ची कमतरता असली तरी असंच विसरायला होतं, आणि त्यावर औषध आहे. एवढं कारण सांगितलंत तर तपासणीला तो नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं. डॉक्टरांनी ‘वयच झालं’ म्हणून बोळवण केली, तर स्मृतीची चाचणी मागून घ्या.

तुमचं ऐकत नसेल, तर नवऱ्याच्या चर्चच्या पास्टरना, म्हणजे धर्मगुरूंना, मध्ये घाला. तुमच्याच शहरातल्या एमरी विद्यापीठात फेरॉन एप्स यांनी कृष्णवर्णीय चर्चसाठी ‘ऑल्टर’ हा उपक्रम उभा केला: डिमेन्शिया झालेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना चर्चने कसं सामावून घ्यायचं, याचा. नाव विसरलेली बाई भजनाची कडवी बिनचूक गाते, हे तिथल्या लोकांना वेगळं सांगावं लागत नाही.

नोकरीचं मात्र स्पष्ट बोला. अमेरिकेतला १९९३चा रजेचा कायदा घरच्यांच्या आजारपणात वर्षाला १२ आठवडे बिनपगारी रजा देतो, तीही तुकड्यातुकड्याने घेता येते. पण ती स्वतःच्या आईवडिलांसाठी, सासूसाठी नाही! म्हणजे हक्क त्याचा आहे. (आपल्याकडे असा कायदा असता, तर किती सुना सुटल्या असत्या.) त्याच्या कंपनीत ५० माणसं असली आणि त्याची तिथे वर्षभराची नोकरी झाली असली, तर अर्ज त्यालाच भरू दे.

पैशांचं थोडक्यात. कायमच्या सांभाळाचा खर्च मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, देत नाही. मात्र जुलै २०२४ पासून त्यांची डिमेन्शियाच्या रुग्णांसाठी ‘गाइड’ योजना आहे. सासूबाई मूळ मेडिकेअरमध्ये (खासगी कंपनीमार्फतच्या नव्हे) असतील, तर सांभाळणाऱ्याला विसावा मिळण्याची सोय त्यात होऊ शकते. डॉक्टरांना विचारा.

आणि डे-केअर बघायला नवऱ्यालाच न्या. ‘आईच्या केसांना तेल-कंगवा करणं इथे कुणाला जमतं का?’ हे त्यानेच विचारू दे. परकी माणसं आईला आपल्या पद्धतीने जपतील का, हीच त्याच्या मनातली भीती बरीचशी असेल. नणंदा असतील, तर शनिवार त्यांचा. हे तुम्ही नाही, त्याने सांगायचं.