अमेरिकेत आईला तपासणाऱ्याच्या नावापुढे 'पीए-सी' आहे. हा डॉक्टर की कंपाउंडर?

डॉक्टर नाही, पण कंपाउंडर तर मुळीच नाही. मुलुंडच्या दवाखान्याचा हिशेब तिकडे लावू नका. पीए म्हणजे फिजिशियन असिस्टंट: पदवीनंतर साधारण 27 महिन्यांचा मास्टर्स, मग राष्ट्रीय परीक्षा. ती पास झाल्यावरच पुढे 'सी', म्हणजे सर्टिफाइड, लागतो. राज्याचं लायसन्स वेगळं. तपासणं, निदान, औषधं लिहून देणं, सगळं करतात.

नेटवर दिसणारा 10 आकडी एनपीआय पाहून मात्र निर्धास्त होऊ नका. तो नुसता ओळख क्रमांक, बिलिंगला लागतो. आपण महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर डॉक्टर शोधतो, तसं आई ज्या राज्यात आहे तिथल्या लायसन्स बोर्डाच्या साइटवर नाव टाका. 'ॲक्टिव्ह' दिसतंय का, कारवाईची नोंद आहे का, एवढं बघा. पत्ता जुना निघाला तर घाबरू नका, तो बदलायचा राहतोच.