पाहून काढलेले चित्र माझे कसे?

चित्र काढणारी मुले आणि त्यांचे पालक गेल्या काही वर्षांत माझ्याकडे एक काळजी वारंवार घेऊन येतात. ऑनलाइन समूहात कोणीतरी दिलेले ट्युटोरियल समोर ठेवून, पायरीपायरीने गिरवत काढलेले चित्र स्वतःचे म्हणता येते का, आणि असेच करत राहिल्यास स्वतःचे काही सुचेनासे होते का, असा तो प्रश्न असतो. त्याचे उत्तर म्हणून एका मुलीबरोबर केलेले काम येथे सांगते. ते लिहिण्यास तिची व तिच्या आईची संमती आहे, आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

ती अकरावीत होती. तिच्या आईने सांगितले की मुलगी दोन महिन्यांपासून नीट जेवत नाही, रात्री जागी असते आणि ज्या फोनवर ती बोटाने व साध्या स्टायलसने तासन् तास चित्रे काढत असे, त्यावरचे आयबिस पेंट हे चित्र काढण्याचे अ‍ॅप तिने काढून टाकले आहे. "अभ्यास सोडून चित्रं काढते म्हणून मीच ओरडायचे, मॅडम. आता काढत नाही, तर माझाच जीव थाऱ्यावर नाही," असे त्या म्हणाल्या.

घडले होते ते असे. ती ज्या समूहात होती तेथे सभासद एकमेकांसाठी ट्युटोरियल तयार करत. दिव्याच्या उजेडातला चेहरा रंगवण्याचे एक ट्युटोरियल तिने पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत गिरवले आणि तयार झालेले चित्र समूहात टाकले. मूळ धडा कोणाचा, हे मात्र लिहिले नाही. काही तासांतच कोणीतरी दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून खाली 'चोरी' एवढाच शब्द लिहिला आणि त्यामागून बऱ्याच जणांनी तिला बोल लावले. तिने ते चित्र पुसले, आणि नंतर आपली जुनी सगळी चित्रेही पुसली.

पहिल्या भेटीत मी तिला काही दिवस त्या समूहापासून दूर राहण्यास सांगितले. तो सल्ला चुकला, हे मोकळेपणाने नोंदवणे मला आवश्यक वाटते. पंधरा दिवसांनी ती अधिकच मिटलेली होती. "तिथे नाही गेले तर शिकणार कुठे?" असे तिने विचारले, तेव्हा माझ्या लक्षात आले की तिच्या गावात चित्रकलेचा वर्ग नव्हता, घरात त्यातले कोणाला कळत नव्हते, आणि म्हणून तो समूह हीच तिची शाळा होती. मी तिला शाळेतून घरी बसवले होते.

त्यानंतर आम्ही तिच्या मनातला गुंता सोडवायला घेतला. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. एक होता नाव न लिहिल्याचा, आणि दुसरा, आपल्याला खरोखर काही येते का, हा. पहिला प्रश्न लहान होता आणि तो भरून काढता येण्यासारखा होता, परंतु 'चोरी' या शब्दामुळे त्याने दुसऱ्याला गिळले होते.

शाळेत असताना ती एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही शासकीय रेखाकला परीक्षा उत्तीर्ण झाली होती. त्यांतल्या स्मरणचित्राची, म्हणजे समोर न पाहता आठवणीतून काढायच्या चित्राची, तयारी कशी केली होती, असे मी विचारले. सर फळ्यावर डोक्यावर घागर घेतलेली बाई, झाडाखालचा भाजीवाला अशा आकृती काढून दाखवत, आम्ही त्या वहीत पंचवीस-तीस वेळा काढत असू, असे ती म्हणाली. ती चोरी होती का, या माझ्या प्रश्नावर ती प्रथमच थोडी हसली. मग मी तिला अजिंठ्याची हकीकत सांगितली. 1872 ते 1885 या काळात जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. त्या मुलांनी वर्षानुवर्षे दुसऱ्यांची चित्रे उतरवली आणि ती अजिंठ्याची आहेत हे उघड सांगूनच जगापुढे ठेवली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "म्हणजे मी एक ओळ लिहायला हवी होती."

ती ओळ तिने त्याच आठवड्यात लिहिली. ट्युटोरियल देणाऱ्या व्यक्तीला तिने थेट संदेश पाठवून क्षमा मागितली. त्यावर आलेले उत्तर साधे आणि प्रेमळ होते: धडा गिरवण्यासाठीच दिला आहे, फक्त कुठून शिकलीस ते सांगत जा. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही खाजगी वापरासाठी रास्त उपयोगाची मुभा आहे आणि निर्मात्याचा आपले नाव सांगितले जाण्याचा हक्क वेगळा राखलेला आहे. पण त्या मुलीला कायद्यापेक्षा त्या दोन वाक्यांनी अधिक धीर दिला.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र वेळ लागला. मी टेबलावर पाण्याचे स्टीलचे फुलपात्र ठेवले आणि त्याच ट्युटोरियलच्या पायऱ्यांनी ते रंगवण्यास सांगितले. तिने आधी सपाट करडा रंग भरला, त्यावर नवा लेअर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन तो क्लिपिंग मास्क केला (म्हणजे रंग खालच्या आकाराबाहेर जात नाही), मल्टिप्लाय या रंग मिसळण्याच्या पर्यायावर जांभळट सावली दिली आणि चेहऱ्यावर केली होती तशीच तिची कड हळुवार पुसली. फुलपात्र मातीचे दिसू लागले. ती रडवेली झाली. मी तिला फोन बाजूला ठेवून फुलपात्राकडे नुसते पाहायला सांगितले. काही मिनिटांनी ती म्हणाली की सर्वांत उजळ पट्ट्याला अगदी लागूनच काळा पट्टा आहे, मध्ये करडे काहीच नाही, आणि त्या काळ्यात खिडकीचे गज वाकडे दिसत आहेत. त्वचेवर उजेड हळूहळू विरतो आणि घासलेल्या धातूत आजूबाजूच्या वस्तूंचे प्रतिबिंब धारदार कडेने उमटते, हे तिने स्वतःच शोधले. मल्टिप्लाय खालचा रंग गडदच करतो, उजळ कधीच करत नाही, हेही तिने त्याच वेळी पहिल्यांदा ताडून पाहिले. तोवर ती ते केवळ सांगितले म्हणून करत होती.

माझ्या मते ट्युटोरियलच्या मागे जाण्यातला खरा धोका एवढाच आहे. कोणती पायरी कशासाठी हे न विचारता हात चालू राहतो, चित्र सुंदर होते आणि शिकणे मात्र मागे राहते. यासाठी पालकांनी फोन काढून घेऊ नये. एक धडा झाला की त्याच पद्धतीने घरातली वेगळी वस्तू काढून बघ, एवढेच मुलाला सांगावे आणि शेजारी बसून ते चित्र पाहावे. या मुलीची आई रोज रात्री ओटा आवरल्यावर दहा मिनिटे तिच्याजवळ बसू लागली. जेवण आणि झोप सुधारायला साधारण दीड महिना गेला.

शेवटच्या भेटीत तिने आपण तयार केलेले पहिले ट्युटोरियल दाखवले. विषय फुलपात्राचाच होता. तिसऱ्या चौकटीत तिने मातीसारखे दिसणारे चुकलेले चित्र तसेच ठेवले होते, त्याखाली ते का चुकले हे लिहिले होते, आणि सर्वांत वर आपण मूळ कोणाकडून शिकलो त्यांचे नाव दिले होते. समूहातल्या एका मुलाने ते पाहून घरची पितळी वाटी रंगवून पाठवली होती आणि तिची कड फार मऊ झाली होती. त्याला उत्तर काय द्यावे, याचा तिने अर्धा तास विचार केला होता. ज्यांनी 'चोरी' म्हटले होते त्यांच्यापैकी कोणी काहीच लिहिले नव्हते. तेही तिने मला सांगितले, आणि मग त्या वाटीचे चित्र मोठे करून माझ्यासमोर धरले.