इन्सुलिनची व्हायल, सिरिंज आणि डोसचे गणित

प्रश्न : मी जीएनएमच्या (नर्सिंगच्या अभ्यासक्रमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. 'द्यायचा डोस भागिले उपलब्ध डोस, गुणिले मिलिलिटर' हे सूत्र मला पाठ आहे. परवा वॉर्डात एका रुग्णाला २० युनिट इन्सुलिन द्यायचे होते. नातेवाइकांनी व्हायल (औषधाची छोटी बाटली) ४० ची आणि सिरिंज १०० ची आणली होती. मी २० च्या खुणेपर्यंत औषध भरले, तेव्हा इनचार्ज सिस्टरांनी मला थांबवले. माझे सूत्र कुठे चुकले?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : सूत्र चुकले नाही, तुम्ही ते मांडलेच नाही, नुसती खूण पाहून औषध भरलेत. आपल्याकडे इन्सुलिनच्या व्हायली मिलिलिटरला ४० युनिटच्या आणि १०० युनिटच्याही मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंजा वेगळ्या असतात. सिरिंजवर आकडे युनिटचे छापलेले असले तरी ती मोजते आकारमानच, त्यामुळे ते आकडे त्याच ताकदीच्या औषधापुरते खरे असतात.

आता गणित मांडा. २० भागिले ४० म्हणजे अर्धा मिलिलिटर. १०० च्या सिरिंजवर २० ची खूण ०.२ मिलिलिटरवर येते, म्हणजे तुमच्या रुग्णाला अवघे ८ युनिट मिळाले असते. साखर उतरत नाही असे पाहून डॉक्टरांनी डोस वाढवला असता, आणि पुढे कोणी योग्य सिरिंज वापरताच तो वाढीव डोस पुरता लागू पडला असता. उलटी चूक याहून घातक आहे : १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज घेऊन २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अर्धा मिलिलिटर, म्हणजे ५० युनिट जातात. एवढ्याने साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो.

तुमच्या सिरिंजमध्ये ५० च्या खुणेपर्यंत भरले असते तर गणित जुळले असते, हे खरे. तरीही तसे करू नका, कारण ती सिरिंज पाहणारी दुसरी सिस्टर ते ५० युनिटच समजेल. व्हायलीला जुळणारी सिरिंजच मागवा. ४० च्या सिरिंजचे टोपण सहसा लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते, पण रात्रपाळीच्या अपुऱ्या उजेडात हे दोन रंग एकसारखे भासतात, म्हणून छापलेला आकडाच वाचावा. भरलेली सिरिंज व्हायलीसकट दुसऱ्या सिस्टरला दाखवावी. चार्टवर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहावा. घाईत लिहिलेले इंग्रजी 'यू' शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० वाचले जातात.