दाराकडची खुर्ची

मावशीबाई,

साडेतीन वर्षांच्या भाचीला 'अलबत्या गलबत्या' हे बालनाट्य दाखवायचं ठरवलंस आणि तिकीट काढताना अडलीस. पहिली रांग घ्यावी का? चेटकिणीला घाबरली तर? मधेच रडली तर लोक काय म्हणतील? मुळात न्यावं का, हे विचारलं नाहीस, बरं केलंस.

पहिली रांग नको. तिथून एवढ्याशा मुलीला रंगमंचाची कड आणि नटांचे पाय दिसतात, स्पीकर कानाशी येतात आणि चेटकीण थेट अंगावर. सातवी ते दहावी रांग बघ, दाराकडच्या बाजूची, अगदी कडेची खुर्ची. मधल्या वाटेलगतची घेऊ नकोस. बालनाट्यातले राक्षस बऱ्याचदा त्याच वाटेने प्रेक्षकांत उतरतात. कडेला तू, आत ती. बाल्कनी नकोच, कठडा नेमका तिच्या डोळ्यांसमोर येतो. दार आत शिरतानाच हेरून ठेव. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे: ती 'चल' म्हणाली की उठायचं.

तिकिटाचे पैसे? ते काढलंस तेव्हाच गेले. वसूल करायचेच असतील तर मध्यंतरात दोन वडे जास्त खा.

गोष्ट घरी आधीच सांग, शेवटासकट. या वयात पुढे काय होणार हे ठाऊक असलं की मुलांना जोर चढतो. चिंची चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, पुढे वैभव मांगलेंनी. तेव्हा एक काका रंग फासून चेटकीण होतो, हेही सांगून टाक. मजा जाईल म्हणतात, जात नाही. आणि अंधार! पुष्कळ मुलं चेटकिणीच्या आधी अंधारालाच बिचकतात. तिसरी घंटा होते, दिवे जातात आणि कुठून तरी मोठा आवाज घुमतो. आदले तीन-चार दिवस घरी दिवा घालवून दहापर्यंत मोजायचा खेळ खेळा.

दुपारच्या झोपेवर येणारा प्रयोग घेऊ नकोस. जेवून निघा, अर्धा तास आधी पोचा, दुसऱ्या घंटेच्या आत सू उरकून घ्या. तिथल्या घडीच्या खुर्च्या हलक्या मुलाच्या वजनाला दाद देत नाहीत. मूल मागे सरकलं की खुर्ची मिटते आणि पाय अडकतात. काठावर तुझा हात ठेव, नाहीतर सरळ मांडीवर घे.

रडली तर 'काही नाही होत गं' म्हणू नकोस. होतंय ना तिला! तोंडावर हात तर अजिबात नको. उठ. बाहेर नेऊन पाणी पाज, पाचेक मिनिटं जाऊ देत, मग एकदाच विचार: दारातून बघायचं का? लांबून चेटकीण बोटाएवढी दिसली की पुष्कळ मुलं आपणच आत ओढतात. परतताना रंगमंचावर उजेड येईपर्यंत थांब, अंधारात पायऱ्या दिसत नाहीत. नको म्हणाली तर घरी. 'मध्यंतरापर्यंत तरी बस' हे वाक्य तुझ्या तोंडून येता कामा नये.

मला हट्टी म्हणतात, म्हणोत. 1959 साली सुधा करमरकरांनी लिटल थिएटर ही बालनाट्यसंस्था काढली, तेव्हापासून मराठीत मोठ्या नटांनी मुलांसाठी जीव ओतून नाटकं केली. आणि खुर्च्यांत बसलेल्या आम्ही मोठ्यांनी काय केलं? 'गप्प बस' म्हटलं, दंड धरले. मीही त्यातलाच, आणि ते आता परत घेता येत नाही. दंड धरून बसवलेलं मूल नाटकाचं नाव काढलं तरी पलंगाखाली शिरतं. म्हणून पुन्हा सांगतो, वीस मिनिटांत उठावं लागलं तरी उठ. शेजारच्या बाईने 'च्च' केलं तरी उठ.

ती 'मागे बघ, मागे!' ओरडली तर मात्र ओरडू दे. बालनाट्यातला नट त्याचीच वाट बघत असतो, मुद्दाम थांबून जागा ठेवतो. पुढच्या खुर्चीला लाथा मारू लागली तर पाय धर. तिथे कौतुक नको.

प्रयोगानंतर चेटकिणीबरोबर फोटोची घाई करू नकोस. जवळून ती फार मोठी असते. भाची तुझ्या पायामागे लपली तर लांबूनच टाटा करा आणि रिक्षा पकडा.

काका

ता. क. एसी फार गार असतो, स्वेटर ने. वेफर्सचं पाकीट नको, फार वाजतं. केळं ने.