उच्च न्यायालयातील अपिले लवकर निकाली निघावीत यासाठी प्रशासनात काय सुधारता येईल?

मुंबई उच्च न्यायालयापुरते सांगायचे तर न्यायाधीशांच्या 94 मंजूर पदांपैकी बरीच पदे दीर्घकाळ रिकामी राहत आली आहेत आणि ती भरणे ही पहिली गरज आहेच. मात्र अपिले रखडण्याचे एक मोठे कारण सुनावणीआधीच्या टप्प्यांत आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते, असे माझे स्पष्ट मत आहे. अपील दाखल झाल्यावर कार्यालयीन हरकती (न्यायालयाच्या कार्यालयाने अर्जात दाखवलेल्या त्रुटी) दूर कराव्या लागतात, उत्तरवादींवर म्हणजे अपिलातील विरुद्ध पक्षावर नोटिसांची बजावणी व्हावी लागते, खालच्या न्यायालयाकडून मूळ अभिलेख मागवून पेपरबुक, म्हणजे सुनावणीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांचा संच, तयार करावे लागते. आणि मधल्या काळात एखादा उत्तरवादी मरण पावला, तर त्याच्या जागी त्याच्या वारसांची नावे प्रकरणात नोंदवली जाईपर्यंत प्रकरण पुढे सरकत नाही.

म्हणून निकाल लागताच खालच्या न्यायालयाने अभिलेख स्कॅन करून तयार ठेवावा आणि प्रत्येक टप्प्याची मुदत पाळली जाते की नाही, हे निबंधक कार्यालयातील एका ठरावीक अधिकाऱ्याने पाहावे. एकाच भूसंपादनातून निघालेली मोबदल्याची अपिले एकत्र लावली, तर तेच पुरावे आणि तेच युक्तिवाद पुन्हा पुन्हा ऐकावे लागणार नाहीत. आरोपी तुरुंगात असलेल्या फौजदारी अपिलांना मात्र कोणत्याही परिस्थितीत अग्रक्रम हवा, कारण तेथे विलंबाची किंमत माणसाच्या स्वातंत्र्याने मोजली जाते. जुन्या अपिलांसाठी घटनेच्या अनुच्छेद 224-अ नुसार निवृत्त न्यायाधीशांना बसवता येते. त्या तरतुदीचा वापर आजवर फारच कमी झाला आहे.