ग्रीन लॅपटॉप हप्त्यांवर घेताय? आधी टास्क मॅनेजर उघडा

नमस्कार, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की लॅपटॉप सात वर्षांचा झालाय, चालू करून आंघोळ उरकून आलं तरी गोल फिरतच असतं, म्हणून १२ हप्त्यांवर नवीन लॅपटॉप आणि ३२ इंची ४के मॉनिटर घ्यायचा विचार आहे, दोन्हीवर पर्यावरणाचं लेबल आहे तर "थोडे जास्त गेले तरी चालतील". माझ्या मते लॅपटॉप घेऊच नका. मॉनिटर घ्या, पण २४ इंची.

कसंय, लॅपटॉपचं बहुतेक प्रदूषण तो बनतानाच होऊन गेलेलं असतं, चिप्स, स्क्रीन, बॅटरी या सगळ्यात, वापरताना तो बिचारा २०-३० वॉट खातो. त्यामुळे नवा कितीही ग्रीन असला तरी वीज वाचवून ते भरून काढणं काही जमत नाही. पैशाचंही तेच, चार वर्षांऐवजी आठ वर्षं वापरलात तर वर्षाचा खर्च निम्म्यावर येतो.

तुम्हीच लिहिलंय, आठव्या जनरेशनचा इंटेल, ८ जीबी रॅम आणि साधी हार्डडिस्क. अहो मग घोळ तिथेच आहे! टास्क मॅनेजर (लॅपटॉपचा कोणता भाग किती कामात अडकलाय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बघा, डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली असणार आणि प्रोसेसर निवांत. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली, खूप वेगवान डिस्क) टाका, बॅटरी गेली असेल तर बदला, रॅमचं नंतर बघू. दोन-तीन हप्त्यांच्या पैशात काम व्हावं, आधी कोटेशन घ्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरंय, पण आठव्या जनरेशनवर विंडोज ११ चालतं. सातवी असती तर ते अधिकृतपणे सहसा चालत नाही, मग मी लिनक्सचं (विंडोजऐवजी टाकायची फुकट सिस्टिम) बोललो असतो.

आता मॉनिटर. साधा २४ इंची एलईडी साधारण २० वॉट घेतो, रोज ८ तास, वर्षाचे २५० दिवस, झाले ४० युनिट. ३२ इंची ४के कित्येकदा याच्या दुप्पट खातो आणि किंमत वेगळीच. मी प्लगला छोटं मीटर लावून बघितलं होतं, नुसता ब्राइटनेस निम्म्यावर आणला तर आकडा २२ वॉटवरून १५ वर आला, आणि डोळ्यांनाही बरं वाटलं. (स्क्रीनसेव्हरने मात्र काही वाचत नाही, स्क्रीन बंद होऊ द्या.)

लेबलांचं म्हणाल तर एनर्जी स्टार मुख्यतः विजेबद्दल सांगतं. टीसीओ सर्टिफाइड आणि ईपीट यांत घातक रसायनं, दुरुस्ती, कारखान्यातली परिस्थिती असंही बघतात, त्यांच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून खात्री करता येते. खोक्यावरचं नुसतं हिरवं पान कोणीही छापतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका.

उरलेल्या हप्त्याएवढी रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकत जा, दोन-तीन वर्षांनी लॅपटॉप खरंच दमला की रोखीने घ्या, आणि तेव्हा रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली (म्हणजे नंतर बदलता न येणारी) नाही ना एवढं विचारा. काढलेली हार्डडिस्क टाकू नका, बाहेरून यूएसबीने जोडायचं कव्हर (केस) घेऊन बॅकअपला लावा.